संडासाची लाइन आणि माझा दात

माझा वरचा पुढचा एक दात अर्धा आहे. सून म्हणते, आता टोपी बसवून घ्या, डॉक्टर दोन चकरांत काम करून देतात. मी हो हो म्हणते आणि जात नाही. अकोल्यात नळसामानाच्या दुकानात गल्ल्यावर बाई बसलेली पाहून लोकांना आधी नवल वाटतं, दात नंतर दिसतो, आणि दिसला की ते नजर फिरवतात. आजकाल गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं. संडासाच्या टाकीखाली वाकून काढलेला फोटो, त्यात निम्मं त्याचंच बोट, निम्मा अंधार, आणि म्हणतं, "हे द्या." मी विचारते, गळतं कुठून? आटा आतला का बाहेरचा? टाकी चिनी मातीची का प्लास्टिकची? मग शेवटी म्हणते, जुना पार्ट काढून आणा बाप्पा, हातात द्या. एकदा हातात आला की मला पाहावंही लागत नाही. मुलाने नांदगाव पेठेच्या कारखान्यांना माल पोचवण्याचं काम घेतलंय, तोसुद्धा अडला की गोणपाटातून एखादी वस्तू काढून माझ्या हातावर ठेवतो. ही विद्या मी ज्या शाळेत शिकले तिथे चुकलं की पाठीवर लोखंड बसायचं.

त्या शाळेचा मास्तर म्हणजे माझा बाप. वामन मिस्त्री म्हटलं की अमरावतीत बडनेरा रोडच्या आसपास सगळे ओळखायचे. नव्या कॉलन्या होत होत्या, लोक घरात संडास बांधू लागले होते, आणि त्या संडासांना पाण्याची लाइन द्यायला माझ्या बापासारखा हात नव्हता, हे मी आजही सांगते. घरात तो हात कसा चालायचा ते आम्हा दोघींना माहीत होतं. दोघी म्हणजे मी आणि माय. मला भाऊ नाही, बहीण नाही. माझ्यानंतर एकदा मायला दिवस गेले होते, ते पोर त्याच्या लाथेने गेलं. मला हे फार उशिरा, शेजारच्या चाचीकडून कळलं.

घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या, मागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला संडास. भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचं घर. जुबेदाचाचीचा नवरा गाद्या भरायचा. दिवसभर तिकडून कापूस पिंजल्याचा आवाज यायचा आणि कापसाचे पुंजके भिंतीवरून उडत येऊन आमच्या वरणात पडायचे. माय म्हणायची, "आज वरनाले कापसाची फोडनी हाय." आणि हसायची. ती हसायची तेव्हा फार छान दिसायची, पण हसायची ती बाबा कामावर असतानाच. संध्याकाळ झाली की आमचे कान एकाच आवाजाकडे लागायचे. सायकलवरून उतरला की बाबा पान्यांची थैली ओट्यावर ठेवायचा. हळू टेकवली तर दिवस बरा गेला असं समजायचं. थैली आदळली की माय चुलीवरचं भांडं पटकन खाली उतरवायची, कारण गरम भांडं त्याच्या हाताला सोपं सापडायचं. एकदा तिला उतरवायला उशीर झाला होता. कढी होती. तिच्या मानेवर अजून ती खूण आहे.

रविवारी बाबा जुन्या सामानाचं पोतं अंगणात उपडं करायचा. पाडलेल्या घरांतलं, बदललेल्या लायनींतलं सामान तो गोळा करून आणायचा आणि त्यातलं दुरुस्त होणारं निवडायला मला बसवायचा. मुलगा नाही म्हणून मी. "डोये झाक," म्हणायचा आणि हातावर एकेक वस्तू ठेवायचा. "सांग, काय हाय?" एल्बो. टी. निपल. इथवर कोणीही सांगेल. मग निपल अर्ध्या इंचाचा का पाऊण, आटा चांगला का खाल्लेला, बॉल कॉकची दांडी सरळ का वाकलेली, हे सगळं बोटांनी. बरोबर आलं तर पुढची वस्तू. चुकलं तर कनेक्शन पाइप. भिंतीतल्या लाइनीतून संडासाच्या टाकीला पाणी नेणारा हातभर पाइप असतो ना, दोन्ही टोकांना नट असलेला, तो त्याने मांडीवर तयारच ठेवलेला असायचा. नटाच्या टोकाने बसला की पाठीवर नटाचा सहा कोनांचा ठसा उमटायचा. माय रात्री त्यावर हळद आणि तेल लावायची. वस्तीत मात्र त्याचं कौतुक व्हायचं, बघा, पोरगी असून शिकवतो. मला तेव्हा त्या कौतुक करणाऱ्यांच्या तोंडात माती कोंबावीशी वाटायची.

शिकवण्यासारखं त्याच्याजवळ होतं, नाही असं नाही. आटा बसवताना आधी उलटा फिरवायचा, टक करून आट्यात आटा पडला की मग सुलटा. चिनी मातीच्या टाकीचा नट हातानेच आवळायचा, पान्याने जोर केला की टाकी तडकते. वायसर ट्रकच्या ट्यूबचा नाहीतर जुन्या चपलेच्या चामड्याचा कापायचा. यात मायची एक चपल गेली, आणि ती ज्या दिवशी गेली त्या दिवशी माय अनवाणी बाजारात गेली. आणि दोन्ही हात अडकलेले असले की बारीक सामान दातात धरायचं. खाली ठेवलं तर हरवतं, खिशात टाकलं तर शोधावं लागतं. बाबाच्या दातात कायम एखादा वायसर असायचा. तो तसाच बोलायचा, शिव्याही तशाच द्यायचा. मलाही ती सवय जडली, आणि जिभेवर पितळेची कडवट चव राहू लागली.

आमचा संडास हा त्याचा मोठेपणा. वस्तीतले लोक डबा घेऊन बाहेर जायचे तेव्हा आमच्याकडे साखळी ओढली की वरच्या लोखंडी टाकीतून धो धो पाणी यायचं. घराच्या छतावर मोठी टाकी होती. तिच्यातून लाइन भिंतीवरून अंगणात उतरायची. तिथे माझ्या छातीच्या उंचीवर एक पितळी कॉक, आणि तिथून पुढे लाइन संडासात जायची, एक फाटा वर फ्लशच्या टाकीला आणि एक खाली बादलीवरच्या नळाला. दार जाड लोखंडी पत्र्याचं, आतून बोटभर जाडीची कडी. सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलेलं. आणि आमच्या घरात आतून कडी लागेल असं तेवढं एकच दार होतं.

मार सोसण्यापलीकडे गेला की माय धावत जाऊन त्या दाराआड शिरायची. कडी पडली की संपलं. बाबा दार तोडायचा नाही, ते मोडणार नाही हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तो शांतपणे कॉककडे जायचा आणि पाणी बंद करायचा. मग बाज ओढून दारासमोर बसायचा. वर पत्रा, वऱ्हाडातलं ऊन, आत वारा नाही. फ्लशच्या टाकीतलं गंजकं पाणी साखळी ओढली की सरळ भांड्यात जायचं, हाती लागायचं नाही. दुपार कलली की कडी वाजायची, माय बाहेर यायची, ओठ पांढरे झालेले, आणि उरलेला मार खायची. "पानी बंद केलं का बाई बाहीर येते," असं तो दोस्तांना सांगायचा आणि दोस्त हसायचे. एकदा तो पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात मी कॉक उघडला होता. त्या दिवशी त्याने मला अंगणभर फरफटवलं, आणि तेव्हापासून कॉक बंद केला की तो वरची चक्री काढून सदऱ्याच्या खिशात ठेवू लागला. चक्रीशिवाय कॉकचा दांडा कोणाच्या बोटांनी फिरत नाही. आज माय ऐंशीच्या घरात आहे, माझ्याजवळच असते. ती संडासाला गेली की दार नुसतं ओढून घेते, कडी लावत नाही. नातवंडं वैतागतात, सून खोकून मग पुढे जाते. मी कोणाला काही सांगितलेलं नाही, ते इथेच लिहिते आहे.

तो दिवस कुरडयांचा होता. उन्हाळ्यात एकेका घरी सगळ्या बायका मिळून कुरडया घालायच्या, आज तिच्याकडे, उद्या हिच्याकडे. गहू भिजवून, वाटून, गाळून चीक काढलेला, आणि भल्या सकाळी मायने तो मोठ्या पातेल्यात, गंजात, शिजवायला ठेवला होता. चीक शिजताना जो वास येतो तो ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही. मला वाटीत गरम चीक मिळाला होता, वर तेल आणि तिखट. जुबेदाचाचीही आली होती. ती सोऱ्या दाबायला बसली म्हणजे तिच्यासारखी एकसारखी कुरडई कोणाची पडायची नाही. बाजेवर जुनं धोतर अंथरलं होतं आणि त्यावर कुरडयांच्या रांगा लागत होत्या. माय हसत होती. तेवढ्यात ओट्यावर थैली आदळली.

तो त्या वेळी घरी यायला नको होता. नंतर कळलं की एका बंगल्यावर त्याने चिनी मातीची नवी टाकी तडकवली होती. मालकाशी बोलाचाली झाली आणि त्याच रागात त्याने नट पान्याने आवळला. जे चुकलं म्हणून मला लोखंडाने फोडून काढायचा, तेच त्याने स्वतः केलं होतं, आणि मालकाने त्याला मजुरांसमोर हाकलून दिलं होतं. तो अंगणात आला आणि म्हणाला, "जेवाले वाढ." माय म्हणाली, "पाच मिन्टं थांबा ना, चीक थंडा झाला का दाबल्या जात नाई." खरं तेच होतं, चीक गरम असेपर्यंतच कुरडई पडते. पण बायकांसमोर ती त्याला थांबा म्हणाली होती. त्याने चुलीवरच्या गंजाला लाथ घातली. उकळता, चिकट चीक मायच्या पायावर पडला, घोट्यापासून खाली सगळ्या पायावर. चिकाचं वाईट हे की तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला धरून बसतो. माय ओरडली. तशी ओरडलेली मी तिला त्याआधी ऐकली नव्हती.

बायका उठल्या, पदर सावरत निघाल्या. कोणाचं घर, कोणाचा नवरा, मध्ये कोण पडणार. चाची भिंतीपलीकडे गेली पण आत गेली नाही, भिंतीशीच उभी राहिली. बाबाने कनेक्शन पाइप उचलला आणि त्या भाजलेल्या बाईला मारायला लागला. कमरेवर, खांद्यावर, डोकं झाकलेल्या हातांवर. माय लंगडत, एका पायावर उड्या घेत संडासापर्यंत पोचली आणि कडी पडली. त्याने नेहमीसारखा कॉक बंद केला, चक्री काढून खिशात टाकली. मग स्वतःच कांदा-भाकर घेतली, खाल्ली, आणि पुढच्या खोलीत जाऊन पडला. त्याला घाई नव्हती.

मी दाराशी गेले. आतून माय हळू आवाजात म्हणत होती, "शोभे, पानी सोड वं. पाय जयून रायला माहा. थोडंसं सोड वं माय." ती मला माय म्हणत होती. मी म्हटलं, बाहेर ये, मी रांजणातलं पाणी घालते. ती म्हणाली, "नाई वं, थो उठला तं मारून टाकीन." आणि ते खरं वाटत होतं. दाराच्या खाली बोट जाईल एवढीही फट नव्हती. एवढं पक्कं काम. मी तिथे उभी राहून त्या दाराला, त्या लाइनीला आणि ती टाकणाऱ्या हाताला शिव्या दिल्या, त्याच्याकडूनच शिकलेल्या.

मग मी कॉककडे पाहिलं आणि मला त्याचं पोट दिसलं, पोतं उपडं करून रविवारी पाहिलेलं. चक्री फिरवली की दांडा खाली येतो. दांड्याखाली जंपर असतो, बोटाच्या पेराएवढा पितळी खुंटा, त्याच्या बुडाला वायसर. दांडा जंपरला दाबतो, जंपर भोकावर बसतो, पाणी बंद. जंपरच नसेल तर दांडा नुसता पोकळीत उतरतो. कितीही आवळा, पाणी चालूच राहतं. आणि जंपर काढायला चक्री लागत नाही. कॉकचं डोकं पान्याने उघडलं की झालं. अडचण एकच होती, छतावरची टाकी भरलेली होती आणि मला चालू पाण्यावर काम करायचं होतं. ते फक्त बाबा करायचा आणि त्याचीच फुशारकी मारायचा.

मी ओट्यावरच्या थैलीतून पाना आणला. कॉकच्या डोक्याला लावला आणि सगळं अंग टाकून ओढलं. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा करकरलं. मग डोकं सैल झालं तसं पाणी आधी कडेने झिरपलं, मग माझ्या तोंडावर फवारा आला. डोळ्यांत पाणी, काही दिसेना. पण मला दिसण्याची गरज नव्हती. डोकं निघालं, पाण्याने जंपर वर ढकलला, मी बोटाने तो पकडला आणि दातात धरला. सवयीने. मग उसळत्या पाण्यावर डोकं दाबून धरलं, आधी उलटं फिरवलं, टक झालं, मग सुलटं. पान्याने आवळलं. फवारा थांबला, आणि पलीकडे संडासात नळ खळखळा बादलीत पडू लागला. वरची फ्लशची टाकीही सूं करून भरायला लागली. माय आतून एकच आवाज काढून थांबली, पायावर गार पाणी पडल्याचा. मी आयुष्यात पुष्कळ लायनी चालू केल्या, पण असा आनंद मला नंतर कधी झाला नाही.

बंद केलेल्या लाइनीतून पाण्याचा आवाज आला तर माझा बाप मेलेला उठला असता. तो अंगणात आला. मी ओलीचिंब, हातात पाना, भिंत ओली. त्याने खिशातून चक्री काढली, दांड्यावर बसवली आणि फिरवली. आवळत गेला. दांडा पार खाली गेला. आतला नळ चालूच. त्याने दांड्यावरून बोट फिरवलं, कामावर एखादं कोडं पडलं की फिरवायचा तसं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. जंपर कशाला म्हणतात हे माहीत असलेली माणसं त्या घरात दोनच होती.

"जंपर कुठी हाय?" त्याने विचारलं.

मी बोलू शकत नव्हते. जंपर माझ्या दातात होता. तोंड उघडलं असतं तर खाली पडला असता, आणि त्याने तो उचलून पुन्हा बसवला असता, आणि मायचं पाणी गेलं असतं. मी ओठ मिटून त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने माझ्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला लगेच कळलं. ती त्याचीच सवय होती. "तोंड उघड," म्हणाला. मी दात आणखी आवळले. तेव्हा त्याने चक्री मुठीत धरून ती मूठ माझ्या तोंडावर मारली. आतून फुटल्याचा आवाज झाला. जंपर, अर्धा दात आणि रक्त असं सगळं एकदम चिखलात पडलं.

त्यानंतर त्याला जंपरही नको होता. त्याने माझे केस धरले आणि डोकं त्या भिंतीवर आपटलं, कॉकच्या शेजारी, पुन्हा पुन्हा. मी हातातला पाना कधी सोडला आणि तो त्याने कधी उचलला हे मला आठवत नाही. भिंतीवरून चाची ओरडत होती, "वामनभाऊ, पोरीले सोडा! मरून जाईन ते! या अल्ला, कितना खून निकल रहा!" आणि तिच्या ओरडण्याच्या मधोमध मला कडीचा आवाज ऐकू आला. ती कडी आजवर तहानेनेच उघडली होती.

माय बाहेर आली. केस ओले, पाय लाल आणि कातडी सुटलेला, आणि दोन्ही हातांत लोखंडी बादली, काठोकाठ भरलेली. बाबा तिला पाहून म्हणाला, "ये, ये, बाहीर ये," आणि मला सोडून पाना उगारून तिच्याकडे वळला. मायने पाण्यासकट बादली फिरवली. कमरेपासून सगळं अंग फिरवून, उखळात मुसळ घालणाऱ्या बाईची ताकद लावून. बादलीची पेंदी त्याच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला. पाना उडून पडला. दुसऱ्यांदा बादलीचा काठ कानावर बसला, कान फाटला, आणि वामन मिस्त्री चिखलात गुडघ्यांवर आला. तिसऱ्यांदा तिने पाठीवर घातली. चौथ्यांदा उचलली आणि थांबली, कारण बादली रिकामी होऊन हलकी झाली होती. कोणी म्हणेल, बापाला असं मारताना पाहून पोरीला वाईट वाटलं असेल. मला नाही वाटलं. तोंडात रक्त होतं आणि मला आनंद होत होता. आजही लिहिताना तोच आनंद होतो, आणि तो लपवायला मी हे लिहायला बसलेली नाही.

तो चिखलात बसून डाव्या हाताने काहीतरी चाचपू लागला. मला आधी कळेना. आतला नळ चालूच होता, पाणी दारातून अंगणात येत होतं, आणि मोडलेल्या हाताचा, फाटलेल्या कानाचा माझा बाप जंपर शोधत होता. "पानी बंद करा रे," तो म्हणत होता, "टाकी खाली होऊन रायली." त्या आवाजात पहिल्यांदा रडणं होतं. जंपर माझ्या पायाखाली होता. मी पाय हलवला नाही. मग खाली वाकून तो उचलला आणि पुन्हा तोंडात टाकला. कुरडयांच्या बाजेखालून पाण्याचा ओघळ जात होता, वरच्या कुरडया तशाच वाळत होत्या.

चाची धावत आली ती पिंजलेला कापूस घेऊनच. तिने माझ्या तोंडात कापसाचा बोळा दाबला तेव्हा जंपर तिच्या हाताला लागला. तिने तो पाहिला, काही विचारलं नाही, पदराने पुसून माझ्या मुठीत दिला. मायच्या पायाला तिने ओल्या धोतराची पट्टी गुंडाळली. माय बाबाकडे न बघता म्हणाली, "चाल वं शोभे." आम्ही अंगावरच्या कपड्यांनी निघालो. लाल गाडीत बडनेरा, मूर्तिजापूर गेलं, अकोला आलं, आणि वाटेत आम्हाला कोणाकडे जागा मागावी लागली नाही, सगळे आपोआपच सरकून बसले.

अकोल्यात मामा. मामा फुलं विकायचा. त्याच्या घरात पाय ठेवला की झेंडूचा ओला वास यायचा. याआधीही माय मार खाऊन भावाकडे आली होती, आणि दर वेळी बाबा येऊन, हात जोडून तिला घेऊन गेला होता, आणि मामानेच तिला गाडीत बसवून दिलं होतं. या वेळी त्याने तिचा पाय पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि हारांच्या टोपल्या सरकवून आमच्यापुरती जागा केली. "आता काई जाऊ नको," एवढंच म्हणाला. मी मात्र त्याला त्या आधीच्या वेळांसाठी पुष्कळ दिवस माफ केलं नव्हतं. त्याच्या अंगणातला नळ कायम गळायचा, रात्रंदिवस टप टप. माझं तोंड जरा बरं झाल्यावर मी तो उघडला. आतला जंपर पार झिजला होता. मी मुठीतून आणलेला बसवला. वायसर मामाच्या जुन्या चपलेचा कापला, त्याला न विचारता. नळ बंद झाला, आणि शेजारणी आपापले नळ दाखवायला येऊ लागल्या. आजचं दुकान तिथून सुरू झालं.

बाबा आला तो पावसाळ्याच्या तोंडाशी, भर उन्हात. उजवं मनगट वाकडं जुळलेलं, कान शिवलेला. मामा घरी नव्हता. मी पाना हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, आणि तो चालवायची माझी पूर्ण तयारी होती. मायने मला बाजूला केलं. उन्हातून आलेल्याला आधी पाणी देतात, मग बोलतात, हे आमच्याकडे दुश्मनालाही चुकत नाही. तिने अंगणातल्या नळाखाली गिलास धरला, भरला, आणि त्याच्या डाव्या हातात दिला. तो उभ्यानेच प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. नळाकडे त्याने एकदा पाहिलं, मिस्त्रीच तो. मग म्हणाला, "थो कॉक बदलवला मी. नवा बसवला. आता बराबर बंद होते. चाल घरी."

माय पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहून बोलली. "बराबर बंद होते ना? मंग आता तुमीच बसा आत."

तिने त्याच्या हातून गिलास घेतला, नळाखाली विसळला आणि नळ बंद केला. जंपर त्याच्याच घरचा होता, एक थेंबही गळला नाही.